यंदाची सीआयडी

अकरावीचे वर्ग सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच पोरं तिला हुडकून काढतात. मला जरा वेळ लागतो, कारण हजेरीपटावर तिचं खरं नाव असतं आणि वर्गात तिला सगळे 'सीआयडी' म्हणतात. दर वर्षी मुलगी वेगळी. कधी कांडलीची, कधी देवमाळीची, कधी चांदूर बाजारकडच्या एखाद्या खेड्यातून एसटीनं येणारी. टोपणनाव मात्र तेच. जुनी तुकडी जाताना ते नव्या तुकडीच्या हवाली करून जाते. परतवाड्यात इतकी वर्षं समाजशास्त्र शिकवतोय, पण सीआयडीशिवायची तुकडी काही मी पाहिलेली नाही.

पूर्वी सीआयडी मुलगा असायचा. बसस्थानकावरच्या स्टॉलवरून 'पोलीस टाइम्स' घ्यायचा, वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या पानं सुटलेल्या रहस्यकथा आणायचा आणि त्यातल्या झुंजार, धनंजय, काळापहाड यांच्याविषयी सख्ख्या मामा-काकांसारखं बोलायचा. १९९८ साली टीव्हीवर 'सीआयडी' सुरू झाली. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवायला लागला आणि आमच्या वर्गातली निम्मी पोरंही हवेत बोटं फिरवायला लागली. मालिकेतल्यासारखी दारं तोडण्याच्या नादात वर्गाचा दरवाजा त्या काळात जेवढा खिळखिळा झाला तेवढा त्याआधी किंवा नंतर कधी झाला नाही. मग हळूहळू पोरं पोलीस भरतीकडे वळली. पहाटे मैदानावर १६०० मीटर धावायचं, १०० मीटर धावायचं, गोळा फेकायचा. भरतीवाल्या पोराला गुन्ह्यात रस नसतो, वर्दीत असतो. खून कोणी केला यापेक्षा गोळा किती मीटर गेला हे त्याला महत्त्वाचं. त्यामुळे सीआयडीची गादी अलीकडे मुलींकडे आली आहे. मधल्या सुट्टीत ही कानात इअरफोन घालून बसते. तिकडे कुणीतरी बाई अतिशय शांत आवाजात तिहेरी हत्याकांडाची हकिकत सांगत असते आणि इकडे ही डब्यातली भेंडीची भाजी पोळीत गुंडाळून खात असते.

तिची पहिली निराशा प्रवेशाच्या वेळी होते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, तेव्हापासून हा प्रसंग जयस्तंभ चौकाच्या आसपास एखाद्या नेट कॅफेत घडतो. तिनंच मला साभिनय सांगितलेला.

"दादा, याच्यात क्रिमिनॉलॉजी दिसून नाई रायलं."

"कोन्तं लॉजी?"

"क्रिमिनॉलॉजी. गुन्हेगारीचं शास्त्र."

कॅफेवाल्यानं यादी वरून खाली, खालून वर फिरवली. "बाई, सायकॉलॉजी हाय, सोशिऑलॉजी हाय. यातलं कोन्तंबी लॉजी घे. फॉर्म भराचे पैसे सारखेच हायेत."

तो चुकला नव्हता. महाराष्ट्राच्या बारावीच्या यादीत सहकार आहे, तर्कशास्त्र आहे, बालविकास आहे, गुन्हेशास्त्र नाही. मग सीआयडी आपला विषय तुकड्यातुकड्यांनी जमवते. मानसशास्त्र घेते, कारण खुनी माणसाच्या डोक्यात काय चालतं ते कळेल. तर्कशास्त्र मिळालं तर घेते. आणि समाजशास्त्र घेऊन माझ्यासमोर पहिल्या बाकावर येऊन बसते.

"सर, तुमच्या विषयात मर्डर कोन्त्या धड्यात हाय?"

"मर्डर नाही. बारावीला सामाजिक समस्या आहेत. शेवटचा धडा."

"शेवटचा? म्हन्जे दोन वर्षं थांबा लागन?"

"लागेल."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा माझं नाव, संशयितांच्या रकान्यात.

ही वही म्हणजे सीआयडीचा जीव. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर लाल पेनानं 'गोपनीय', आणि ती अख्ख्या वर्गानं वाचलेली असते. घटना, वेळ, ठिकाण, संशयित, मोटिव्ह असे रकाने आखलेले. नोंदी साधारण अशा : रंगीत खडू गायब. जिन्याखालच्या सायकलची हवा सोडली. शिपाईकाकांचा छत्रीवाला जबाब विसंगत. तिचं आवडतं वाक्य, "टायमिंग जुळून नाई रायलं." कुणी उशिरा आलं, टायमिंग जुळत नाही. कुणी वेळेवर आलं, तर मुळीच जुळत नाही. दुसरं आवडतं वाक्य, "तसं नाई नं सर, याच्यामागं काहीतरी हाय." एकदा मी सर्दीमुळे तास घेतला नाही, तर दुसऱ्या दिवशी सीआयडीनं माझ्या रुमालाची चौकशी केली.

पालकसभेला तिची आई येते ती तक्रार घेऊनच.

"सर, काही सांगा बाप्पा तिले. घरात भांडं पडलं तं पंचनामा करते. दूध उतू गेलं तं मले इचारते, शेवटचं दूध कोनं पायलं व्हतं. काल तिच्या बाबाले इचारे, दहा वाजता दुकान बंद झालं तं तुम्ही पावने अकराले काऊन आले."

"मग काय म्हणाले ते?"

"म्हने पान खाल्लं." आई क्षणभर थांबली. "तसं थे म्या बी इचारनारच व्हती."

माझ्या मनात बरेच दिवस एक गोष्ट घोळते आहे, ती इथं सांगून टाकतो. ही पोरगी अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत गुन्हेशास्त्राचा अख्खा इतिहास जगून काढते. कुणी न शिकवता, त्याच क्रमानं, त्याच चुका करत. जे जगाला करायला शंभरावर वर्षं लागली ते ती दोन दिवाळ्यांत उरकते.

सुरुवात तोंडावरून होते. प्रत्येक सीआयडीला जुलै-ऑगस्टात असा साक्षात्कार होतो की गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो. बसस्थानकावर चिखलदऱ्याची गाडी लागेपर्यंत ती फलाटावरच्या माणसांची वर्गवारी करते. हा खिसेकापू. हा बायको सोडून आलेला. हा सागवान चोरणारा, लाकूड डेपोच्या बाजूनंच आला. यातला सागवानवाला पुढं आमच्याच महाविद्यालयात लेखापरीक्षणाला आला आणि त्यानं चहाच्या बिलापर्यंत सगळं तपासलं, तेव्हा सीआयडीचा चेहरा पाहण्यासारखा होता.

इटलीतल्या चेझारे लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरानं १८७६ साली नेमकं हेच पुस्तकात मांडलं होतं. जन्मजात गुन्हेगार असतात, त्यांचा जबडा मोठा, कान बाहेर आलेले, हात लांब, अंगावर गोंदलेलं. कवट्या मोजून मोजून त्यानं ते सिद्ध केलं असं त्याला वाटत होतं. हा गृहस्थ आपल्या शास्त्राला इतका वाहिलेला, की त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याचा सांगाडा तूरीनच्या त्याच्या संग्रहालयात आजही उभा आहे. हे ऐकल्यावर सीआयडी फार खूश झाली. लोम्ब्रोसोच्या खुणा तिनं वहीत उतरवून घेतल्या आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आली.

"सर, गोंदन बी लिहून दिलं नं तुम्ही?"

"त्यानं लिहिलंय."

"आजीच्या दोन्ही हातावर हाय. कपायावर हाय. हनवटीवर हाय. आन आजोबाचे कान..." ती थांबली. "या हिशोबानं आमचं पूर्न खानदान आतमंदी पायजे."

तिला वाटलं होतं आपलं शास्त्र एका रात्रीत संपलं. पण बहिरमची यात्रा आली आणि तिनं पुन्हा उभारी धरली. डिसेंबरच्या उत्तरार्धात ही यात्रा भरते ती पार जानेवारीभर चालते. लोक देवाच्या पाया पडायला जातात आणि मातीच्या हंडीतलं मटण अन् रोडगे खाऊन येतात. कोणतं काम आधी उरकायचं ते ज्याच्या त्याच्या भुकेवर. सीआयडीनं तिथं एक माणूस हेरला. लांब हात, मोठा जबडा, आणि एका म्हाताऱ्याच्या मागं मागं. मौत का कुआँपासून भांड्यांच्या दुकानांपर्यंत, तिथून रोडग्याच्या धुरापर्यंत ती त्याच्या पाळतीवर. शेवटी तो माणूस तरातरा चालत पोलिसांच्या मंडपात शिरला. सीआयडीला वाटलं शरण जातोय. तो तक्रार द्यायला गेला होता : एक पोट्टी मघापासून माझ्या मागं हाय, माह्या सासऱ्याच्या खिशात पैसे हायेत. मंडपातल्या हवालदारानं तिची वही वाचली, हसून हसून टोपी काढून ठेवली आणि मामाला बोलावून तिला ताब्यात दिलं. "ताई, भरतीत ये," असंही म्हणाला. तेवढं वाक्य तिनं लाल पेनानं चौकटीत लिहिलंय.

चेहऱ्यांचा नाद सुटला तो वेगळ्याच कारणानं. मी वर्गात लोम्ब्रोसोवरून आपल्याकडच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यावर आलो होतो. सरकारनं जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, हजेऱ्या लावल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आत वसाहती केल्या. स्वातंत्र्यानंतरही ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, तेव्हा तो शिक्का कागदावरून पुसला गेला आणि ही माणसं विमुक्त झाली. सीआयडी भराभर लिहीत होती. शेवटच्या बाकावरची, एरवी हजेरीपुरतं 'येस सर' म्हणणारी फासेपारध्याची मुलगी एकदम बोलली, "सर, गावात चोरी झाली का आमच्या बेड्यावर गाडी अजून बी पयले येते." बोलून खाली बसली आणि पुस्तक उघडलं. वर्ग गप्प. सीआयडीनं मागं वळून पाहिलं, मग वहीची काही पानं फाडली. पुढच्या आठवड्यात दोघी एका बाकावर दिसल्या. नव्या शेजारणीला वहीतला मजकूर पसंत नव्हता. "तुह्यं सस्पेक्टवालं पान पयले भरते, मंग घटना घडते," असं तिनं सीआयडीला सुनावलं. त्या वर्षीचा तपास या दोघींनी मिळून केला आणि त्यातली हुशार कोण हे मला विचाराल तर मी सांगणार नाही.

चेहरा गेला की बोटं येतात. हाही इतिहासाचाच क्रम. एकदा मी सांगून बसलो, की बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी लंडनला नाही, १८९७ साली कलकत्त्याला निघाली. ठशांची वर्गवारी बसवण्याचं किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी केलं आणि जगभर ती पद्धत त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावानं ओळखली जाते. झालं. सीआयडीनं टाल्कम पावडरचा डबा, आईचा मेकअपचा ब्रश आणि सेलोटेप घेऊन घर पालथं घातलं. कारणही घडलं होतं : लोणच्याच्या बरणीतून कैरीच्या फोडी कमी झाल्या होत्या.

अहवाल तिनं मला दाखवला. बरणीवर आईचे ठसे. डब्यांवर आईचे. गॅसवर, बादलीवर, कपाटाच्या कडीवर, देवघरातल्या घंटेवर, शिवणयंत्रावर, पाण्याच्या मोटारीच्या बटणावर आईचे. बाबांचे ठसे टीव्हीच्या रिमोटवर आणि चहाच्या कपावर. निष्कर्ष : 'घरातील प्रत्येक घटनेच्या ठिकाणी एकच व्यक्ती हजर. संशयित क्रमांक १, आई.'

पुढच्या पालकसभेला मी हे आईंना सांगितलं. हक आणि बोस यांचीही गोष्ट सांगितली. आई म्हणाल्या, "म्हन्जे काम यायचं आन नाव त्या साहेबाचं? मंग आमच्या घरात काय वेगळं हाय?" कैरीच्या फोडी बाबांनी चमच्यानं खाल्ल्या होत्या, म्हणून ठसे नव्हते. हे आईंना आधीपासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बाबांचं आणि सीआयडीचं मात्र वेगळ्या आघाडीवर चालू असतं. १ जुलै २०२४ ला १८६० ची दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. सीआयडीला नवी कलमं पाठ असतात, बाबांना जुनी सवय.

"थो प्लॉटवाला एक नंबरचा चारशेवीस हाय."

"बाबा, चारशेवीस रद्द झालं. आता तीनशे अठरा."

"तीनशे अठरा? अवं, थो हाय चारशेवीस! तीनशे अठरा म्हनलं तं त्याले राग बी येनार नाई."

यावर सीआयडीकडे उत्तर नसतं. कायदा दिल्लीत बदलतो, शिवी परतवाड्यात बदलायला एखादी पिढी जावी लागेल. खुनाचं ३०२ आता १०३ झालंय हे तिनं भरतीवाल्या पोरांना सांगून पाहिलं. त्यांनी ते परीक्षेत येतं का तेवढं विचारलं.

पर्यावरणाच्या प्रकल्पाला कुणी संत्र्याच्या सालीचं खत करतं, कुणी सापनच्या पाण्याचे नमुने आणतं. सीआयडीनं विषय घेतला, 'शकुंतलेचा मृत्यू : अपघात, घातपात की दुर्लक्ष?' शकुंतला म्हणजे आमची अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची नॅरोगेज. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, पुढं डिझेलवर धापा टाकत राहिली, आणि आता रुळांवर गवत आहे. सीआयडीनं रीतसर संशयितांची यादी केली. मालकी ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीकडे ठेवणारे करारनामे. दुरुस्तीला पैसा न देणारे. एसटी आणि काळीपिवळी. आणि शेवटी, 'तिकीट न काढणारे प्रवासी (यात माझे दोन काका)'. हा प्रकल्प मी अजून जपून ठेवलाय. तिच्या काकांना दाखवलेला नाही.

पण सीआयडी खरी तयार झाली ती संत्र्यात.

दिवाळीनंतरची गोष्ट. मामाच्या बगिच्यात आंबिया बहाराची तोडणी चालू होती आणि रात्रीतून भरलेले तीन क्रेट गेले. मामानं दोन शिव्या दिल्या आणि विषय सोडला. सीआयडीनं पकडला. मूर्तिकाराकडून गणपतीतून उरलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस आणलं. आदल्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यामुळे काळ्या मातीत पावलं अशी उमटली होती, की लंडनच्या पोलिसांनी हेवा करावा. तिनं भराभर ठसे ओतले. वाळल्यावर अंगणात मांडले. एक मामाच्या चपलेचा. एक आजीच्या अनवाणी पायाचा. एक कुत्र्याचा, उत्कृष्ट. आणि एक बुटाचा, डावा, टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली.

बूट! बगिच्यात बूट घालून कोण येतं? माल घ्यायला येणारा व्यापाऱ्याचा माणूस. सीआयडी दुसऱ्या दिवशी वजनकाट्याजवळ दबा धरून बसली. नजर बुटावर, वही मांडीवर. बूट तोच निघाला. पण तो माणूस दिवसाढवळ्या हक्कानं आला होता, बुटाला काही अर्थ नव्हता. करायला दुसरं काही नाही म्हणून ती काट्यावरचे आकडे लिहीत बसली. क्रेटमागे वजनातून इतका कडता. वर, दबलेली म्हणून बाजूला काढलेली फळं, जी हिशेबात धरली नाहीत पण गाडीत मात्र चढली. मग हमाली. मग आकडा खाली घेऊन गोल केलेला. संध्याकाळी तिनं बेरीज केली, पुन्हा केली, आणि धावत मामाकडे गेली.

"मामा, तीन क्रेटचं सोडा! हा मानूस रोज दिवसा त्याच्यापेक्षा जास्त नेऊन रायला!"

मामानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओसरीवर बसलेली आजी म्हणाली, "थे चोरी नोहे बाई. थो भाव होय."

आणि मग मामानं वही मागितली, व्यापाऱ्याचं नाव होतं तिथं पेनानं गिचमीड केलं. "असं लिहू नोको. पुढच्या साली माल कोन उचलन?"

सोमवारी ती वर्गात आली ती फणफणतच. मी तिला एडविन सदरलँडची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला समाजशास्त्राचा प्राध्यापक. १९३९ साली भर सभेत म्हणाला, की गुन्हे फक्त झोपडपट्टीत शोधता कशाला, कोटटायवाल्यांचे हिशेब बघा. त्यानं बड्या बड्या कंपन्यांचे उद्योग गोळा करून १९४९ ला पुस्तक काढलं, तर प्रकाशक घाबरला, खटल्याच्या भीतीनं कंपन्यांची नावं गाळायला लावली. नावांसकट पुस्तक निघायला १९८३ उजाडलं. सदरलँड तेव्हा जिवंत नव्हता.

सीआयडीनं वही उघडून गिचमिडीकडे पाहिलं. "म्हन्जे त्याचा बी मामा व्हता."

इतक्या वर्षांत सदरलँडवर इतकं नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. ते तीन क्रेट कोणी नेले हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. मामाचा संशय कुत्रा सोडून सगळ्यांवर होता.

बारावीच्या जानेवारीत वडील येतात. शर्ट इन केलेला, हातात मोबाइल, त्यावर पोरीनं पाठवलेल्या लिंका. शेजारपाजारच्यांनी त्यांना आधीच हैराण केलेलं असतं, एका काकूंनी तर थेट विचारलं, "पोरगी चोरीचा कोर्स करून रायली म्हन्ते?" मी त्यांना नीट समजावून सांगतो. अमरावतीला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, नागपूरला न्यायसहायक विज्ञानाची सरकारी संस्था आहे. पण ते रक्त, विष, बंदुकीच्या गोळ्यांचं काम, त्याला अकरावीतच विज्ञान शाखा घ्यावी लागते. हे कळल्यावर बाप लेकीकडे बघतो आणि लेक खिडकीबाहेर. गुन्हेशास्त्र वेगळं. मध्य प्रदेशात सागर विद्यापीठात १९५९ पासून त्याचा विभाग आहे. मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पदवीनंतर शिकता येतं. तिथल्या 'प्रयास' नावाच्या उपक्रमात १९९० पासून कैद्यांसाठी, सुटून आलेल्यांसाठी काम चालतं.

"म्हन्जे चोर पकडाचे नाई?" वडील.

"पकडलेल्यांचं पुढं काय करायचं ते बघायचं."

"पगार?"

"सुरुवातीला बेताचाच."

वडील उठतात. जाता जाता म्हणतात, "सर, तिले डीएड करायले सांगा." सीआयडी मागं राहते आणि विचारते, "सर, थे प्रयासवाले तुरुंगात आत जाऊ देतेत का?" जुलैमध्ये हीच पोरगी आत टाकायला माणसं शोधत होती.

पुढं काय होतं त्यांचं? एक अमरावतीला वकिली करते आणि उलटतपासणीत बहुतेक अजूनही टायमिंग जुळवत असेल. एक बँकेत आहे. सह्या इतक्या बारकाईनं तपासते की माझा धनादेश तिनं एकदा परत केला. जुन्या काळातला अर्नाळकरवाला टाइल्सचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकाच्या चपलांवरून स्वयंपाकघर केवढं असेल ते सांगतो आणि निम्म्या वेळा बरोबर सांगतो. शेवटच्या बाकावरची ती मुलगी समाजकार्य शिकायला गेली. तिच्या वहीवर 'गोपनीय' लिहिलेलं नसतं, आणि फोन केला की आधी माझीच चौकशी करते.

यंदाची सीआयडी बारावीची परीक्षा देऊन परवा भेटायला आली. पेढे नव्हते, वही होती. कॉपीमुक्त अभियान, भरारी पथक, बैठं पथक सगळं हजर असताना तिनं केंद्रावर स्वतंत्र अभ्यास केला होता. शीर्षक, 'कॉपी : साधने, पद्धती व कारणे'. साधनांत पेनाच्या टोपणापासून केसांच्या क्लिपपर्यंत सगळं, आकृत्यांसह. एकाही पोराचं नाव नाही. मी तारीफ केली, तशी म्हणाली, "नाव कायले लिहाचं सर? सदरलँड झाला नं."

मग मी समाजशास्त्राच्या पेपराचं पान उघडलं. प्रश्न : सामाजिक समस्या, शेवटचा धडा. कॉपी करणारे : बरेच. कारणांच्या रकान्यात एकच ओळ होती. 'सरांनी हा धडा शिकवला नाही.'

मी शिकवला होता. फळ्यावर तक्त्यासकट. त्या दिवशी अख्खा वर्ग बहिरमला होता, आणि तपासाच्या नावाखाली त्यांना घेऊन जाणारी बाई आता माझ्यासमोर वही पुढं करून म्हणत होती, "मंग सर, तुमचा जबाब लिहू का?"